अंकी आणि गिटार: चौदा महिन्यांनंतर

अंकी हे गिटार शिकवणारं ॲप नाही. त्यात धडे नाहीत, कॉर्डची (एकत्र वाजवायच्या स्वरांची) आयती चित्रं नाहीत, आणि आपण काय वाजवलं ते त्याला ऐकूही येत नाही. परकी भाषा शिकणारे आणि वैद्यकीचे विद्यार्थी ते पाठांतरासाठी वापरतात. मी ते गिटारच्या सरावाला लावलं, आणि गेल्या चौदा महिन्यांत माझ्या हातात जो फरक पडला तो त्याआधीच्या कित्येक वर्षांत पडला नव्हता. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

मी अकरा वर्षं गिटार वाजवते. नोकरी सांभाळून, रोज रात्री पाऊण तास. सरावात खाडा जवळजवळ नाही. तरी एक गोष्ट सतत छळायची. सोळा बारची एक रचना होती (बार म्हणजे तालाच्या ठोक्यांचा एक ठरावीक गट), तिचे नऊ ते बारा हे बार मी रात्री वीस-पंचवीस वेळा वाजवायचे. शेवटच्या पाच-सहा वेळा स्वच्छ यायचे, हात बसला असं वाटायचं, समाधानाने गिटार खाली ठेवायचे. दुसऱ्या रात्री पुन्हा पहिल्यापासून. दहाव्या बारला करंगळी चुकायची म्हणजे चुकायचीच.

माझे शिक्षक वयाने माझ्यापेक्षा बरेच लहान आहेत. त्यांनी एकदा विचारलं, "ताई, काल किती वेळा वाजवलंत?"

"पंचवीस वेळा तरी, सर."

"पंचविसाव्या वेळी कसं आलं?"

"अगदी छान."

"आणि पहिल्या वेळी?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. पहिली वेळ मी कधी मोजलीच नव्हती. पहिले चार-पाच प्रयत्न म्हणजे हात गरम करणं, ते सोडून द्यायचे, असंच मी इतकी वर्षं धरून चालले होते. पण मैफलीत किंवा चार माणसांत वाजवताना मिळतो तो पहिलाच प्रयत्न. पंचविसावा कुणी मागत नाही.

त्या दिवसापासून मी या पहिल्या वाजवण्याला 'कोरा प्रयत्न' म्हणते, आणि अंकीचा मला झालेला सगळा उपयोग या दोन शब्दांत आहे. ते ॲप रोज मला कोरे प्रयत्न करायला लावतं.

ज्यांनी अंकी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आपण कार्डं बनवायची, एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. कार्ड समोर आलं की आधी स्वतः आठवायचं, मग उत्तर उघडायचं, आणि चारपैकी एक बटण दाबायचं: अगेन, हार्ड, गुड, ईझी. त्यावरून ते कार्ड पुन्हा कधी दिसणार ते ठरतं. नीट आलं तर काही दिवसांनी, पुन्हा नीट आलं तर त्याहून उशिरा, चुकलं तर लगेच. डेमियन एल्म्स यांनी 2006 मध्ये ते पहिल्यांदा प्रसिद्ध केलं. अंतर ठरवण्याची त्याची मूळ पद्धत पोलंडच्या पिओत्र वोझनियाक यांनी 1987 मध्ये बनवलेल्या आज्ञावलीवर बेतलेली होती, आणि 2023 पासून त्यात एफएसआरएस नावाची नवी पद्धतही आहे, जी आपल्या आधीच्या उत्तरांवरून आपल्या विसरण्याचा वेग मोजते. जपानी भाषेत 'अंकी' म्हणजे पाठांतर. कॉम्प्युटरवर ते फुकट मिळतं.

माझ्या कार्डांचे दोन गठ्ठे आहेत, एक डोक्याचा आणि एक हातांचा.

डोक्याच्या गठ्ठ्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही, कारण तिथे अंकी हमखास चालतं. फ्रेटबोर्डवरचे, म्हणजे गिटारच्या दांडीवर बोटं ठेवतात त्या पट्टीवरचे, स्वर मला कधीच सलग माहीत नव्हते. त्या पट्टीवरच्या एकेका घराला फ्रेट म्हणतात. सहा तारा, प्रत्येकीवर बाराव्या फ्रेटपर्यंत ए ते जी हे सात शुद्ध स्वर, म्हणजे बेचाळीस कार्डं. "पाचवी तार, ई कुठे?" सातवा फ्रेट. "तिसरी तार, ई कुठे?" नववा. रोज दोन नवी कार्डं घेतली, तीन आठवड्यांत सगळी आत आली. यात एकच सल्ला देईन: उत्तर नुसतं मनात म्हणू नका, बोट ठेवून तार वाजवा. शिवाय दुसऱ्या आणि तिसऱ्या तारेमधलं अंतर बाकीच्या जोड्यांपेक्षा अर्ध्या स्वराने कमी असतं, त्यामुळे ती वेस ओलांडताना बोटांचा प्रत्येक आकार एका फ्रेटने सरकतो. ते नियम म्हणून पाठ करण्यापेक्षा त्या जागेची पाच-सहा कार्डं केली आणि बोटांनाच कळलं.

खरी मजा हातांच्या गठ्ठ्यात आहे. तिथल्या कार्डावर प्रश्न नसतो, हुकूम असतो. एक कार्ड जसंच्या तसं देते:

"बार ९ ते १२. मेट्रोनोम ६६. चार ठोके ऐक, मग वाजव. एकदाच."

मेट्रोनोम म्हणजे तालाचे ठोके देणारं यंत्र, आणि ६६ म्हणजे मिनिटाला ६६ ठोके. मागच्या बाजूला त्या चार बारचं माझंच रेकॉर्डिंग आहे, संथ आणि स्वच्छ, शिक्षकांसमोर बसून केलेलं. वाजवून झालं की ते ऐकायचं आणि मग बटण. स्वच्छ आलं तर 'गुड'. एक जरी स्वर घसरला किंवा ताल अडखळला तर 'अगेन'. 'हार्ड' हे बटण मी या गठ्ठ्यापुरतं वर्ज्य केलं आहे. पहिल्या महिन्यात मी ते फार दाबत होते. "तसं आलंच की, जरा अडखळलं" असं म्हणून. पण अंकीच्या हिशेबात 'हार्ड' म्हणजे आलं, फक्त कष्टाने आलं. न आलेल्या गोष्टीला 'हार्ड' दिलं की ते कार्ड पुढच्या तारखेला ढकललं जातं आणि कच्चं ते कच्चंच राहतं. ही एक सवय सोडल्यावर गठ्ठा ताळ्यावर आला.

'अगेन' दाबलं की माझा खरा सराव सुरू होतो. इथे अंकी बाजूला ठेवायचं. ते फक्त कुठे दुखतंय ते सांगतं, औषध आपल्यालाच शोधावं लागतं.

एक उदाहरण देते, कारण त्यातून मला सगळ्यात जास्त शिकायला मिळालं. कार्ड होतं: "सी वरून पूर्ण एफ, ७२ च्या वेगाने, चार वेळा ये-जा." सी आणि एफ हे दोन कॉर्ड. पूर्ण एफ म्हणजे पहिलं बोट, म्हणजे तर्जनी, पहिल्या फ्रेटवर सहाही तारांवर आडवं. हे कार्ड सलग नऊ दिवस 'अगेन' होत होतं. दहाव्या दिवशी मी फोन टेबलावर उभा करून डाव्या हाताचं स्लो मोशन चित्रण केलं. त्यात दिसलं ते असं: सी सोडताना माझी सगळी बोटं एकदम उचलली जातात, हवेत क्षणभर थांबतात, आणि मग एफवर उतरतात. त्यांत तिसरं बोट जिथून उठतं तिथेच परत येतं! सी मध्ये ते पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर असतं, आणि एफ मध्येही तिथेच. त्याला हलायचं काही कारणच नव्हतं. दुसरं बोट चौथ्या तारेवरून तिसरीवर जातं, त्याच फ्रेटवर, नुसतं एका तारेचं सरकणं. करंगळी चौथ्या तारेवर तिसऱ्या बोटाच्या शेजारी येते. एवढंच काम, आणि मी दर वेळी सगळं घर रिकामं करून नव्याने मांडत होते.

मग मी मेट्रोनोम बंद केला. तिसरं बोट तारेवर चिकटवून ठेवलं, पहिलं बोट हळूच आडवं केलं, दुसरं सरकवलं, करंगळी ठेवली. परत उलट. दहा-बारा वेळा, इतकं संथ की चूक होणंच शक्य नाही. मग ४८ वर. तिथे थांबले. त्या रात्री ७२ ला हातच लावला नाही. दुसऱ्या दिवशी कोरा प्रयत्न केला, चारपैकी तीनदा साफ. तिसऱ्या दिवशी चारही.

संगीतशिक्षणाचे संशोधक रॉबर्ट ड्यूक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. पियानोच्या सतरा प्रगत विद्यार्थ्यांना तीन बारचा एक अवघड तुकडा दिला, हवा तितका सराव करा म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी वाजवून घेतलं. कोणी किती मिनिटं सराव केला, किती वेळा वाजवलं, याचा दुसऱ्या दिवशीच्या वादनाशी संबंध दिसला नाही. जे तिघे सरस ठरले त्यांच्याही सुरुवातीला चुका झाल्याच होत्या. फरक पुढचा होता. चूक झाली की ते तिथेच थांबत, नेमकी जागा शोधत, वेग उतरवत, आणि ती जागा सुधारल्याशिवाय पुढे जात नसत. माझी पंचवीस आवर्तनं म्हणजे एकोणीस वेळा चूक गिरवणं आणि सहा वेळा बरोबर वाजवणं होतं. हाताने काय शिकावं?

आता अंकीची जी गोष्ट सुरुवातीला सगळ्यांना खटकते तिच्याबद्दल. कार्डं सरमिसळ येतात. एफ झाला की लगेच डावा हात विसावतो न विसावतो तोच उजव्या हाताचं आर्पेजिओचं (कॉर्डचे स्वर एकेक करून वाजवण्याचं) कार्ड, मग पेंटाटॉनिक या पाच स्वरांच्या मालिकेची दुसरी पोझिशन, मग बार ९ ते १२. एकाच गोष्टीवर मन रमू लागतं तोच ती जाते. पहिले दोन आठवडे मला वाटलं की माझं वाजवणं बिघडतंय. प्रत्येक गोष्ट अर्धवट, लय कुठे लागतच नाही.

पण शे आणि मॉर्गन या संशोधकांनी 1979 मध्ये हाताच्या हालचालींवर एक प्रयोग केला होता. ठरलेल्या क्रमाने छोटे अडथळे पाडायचे, असे तीन क्रम. एका गटाने एकेक क्रम संपवून पुढचा घेतला, दुसऱ्याने तिन्ही सरमिसळ केले. सराव चालू असताना पहिला गट पुढे होता. दहा दिवसांनी परीक्षा घेतली तेव्हा दुसरा गट पुढे निघाला. कारण कळायला सोपं आहे. एकच गोष्ट लागोपाठ केली की हालचालीचा बेत हातात तयारच असतो, नुसता पुन्हा चालवायचा. मध्ये दुसरं काही आलं की तो बेत पुसला जातो आणि दर वेळी मुळापासून आठवून उभा करावा लागतो. त्या उभारण्याचाच सराव आपल्याला हवा असतो.

अर्थात, अगदी नवी हालचाल असेल तर सरमिसळ करू नये, हे माझ्या अनुभवावरून ठामपणे सांगते. बोटं कुठे जायची हेच ठाऊक नसताना कार्ड बनवलं तर ते रोज 'अगेन' होतं आणि जीव मेटाकुटीला येतो. म्हणून माझा नियम असा: नवी गोष्ट आधी तीन-चार दिवस एकाच जागी बसून, संथ, सलग करायची. ६० च्या वेगाने लागोपाठ तीनदा स्वच्छ आली की मगच तिचं कार्ड.

अंतराबद्दलही बोलायला हवं. एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने 1885 मध्ये स्वतःवरच प्रयोग करून विसरण्याचा आलेख मांडला, आणि अंकीची मांडणी त्याच वाटेवरची आहे. पण त्याने पाठ केली होती निरर्थक अक्षरं. हातांचं विसरणं तसं नसतं. शब्द एकदा पक्का झाला तर चार महिन्यांनी विचारला तरी चालतो. बार ९ ते १२ चार महिन्यांनी विचारले तर ते आठवतात खरे, पण धार गेलेली असते. अंकीला हे कळायचा मार्ग नाही. म्हणून हातांच्या गठ्ठ्यासाठी मी सेटिंगमध्ये कमाल अंतर एकवीस दिवस ठेवलं आहे. डोक्याच्या गठ्ठ्याला अशी मर्यादा नाही. हा बदल न करता अंकी गिटारला लावलं तर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात निराशा पदरी येईल, त्यामुळे पहिल्याच दिवशी करून टाका.

दुसरी उणीव वेगाची. कार्डावर ६६ लिहिलं की हात ६६ लाच बांधला जातो. केर आणि बूथ यांनी 1978 मध्ये लहान मुलांना छोट्या पिशव्या निशाणावर टाकायला लावल्या होत्या. आठ वर्षांच्या मुलांत, ज्यांनी दोन आणि चार फुटांवरून सराव केला ती तीन फुटांच्या परीक्षेत सरस ठरली, तीन फुटांवरूनच सराव केलेल्या मुलांपेक्षा. त्यावरून मला सुचलं म्हणून मी आता एकाच तुकड्याची तीन कार्डं करते, ५४, ६६ आणि ७८. आज कोणतं येईल ते माहीत नसतं. ५४ चं कार्ड सोपं असेल असं वाटलं होतं, पण संथ वेगात स्वर धरून ठेवणं हेच जास्त अवघड निघालं, आणि तालाची माझी घाई त्यानेच उघडी पाडली.

याआधी दोन वर्षं मी गिटार शिकवणारं एक ॲप वापरत होते. नाव देत नाही. ते मायक्रोफोनने ऐकतं, चुकलेला स्वर लाल करतं, गाणं संपलं की तारे देतं आणि सलग किती दिवस वाजवलं ते मोजतं. ऐकण्याचं काम ते चांगलं करायचं, आणि त्या बाबतीत अंकी त्याच्या पासंगालाही पुरत नाही. अगदी पहिल्या वर्षात असलेल्या माणसाला असं काही हवंच. पण त्याचे तारे मिळत ते त्या क्षणाच्या वादनाला. दहा वेळा लागोपाठ वाजवून दहाव्या वेळी पूर्ण तारे मिळाले की ते गाणं त्याच्या लेखी झालं, पुन्हा कधी विचारायला येत नाही. माझी झालेली गाणी चौसष्ट होती. त्यांतली कोऱ्या प्रयत्नात वाजवता येणारी मोजली तेव्हा नऊ निघाली. तो आकडा वहीत लिहून ठेवला आहे.

रोएडिगर आणि कार्पिके यांच्या 2006 च्या प्रयोगात नेमकं हेच दिसतं. उतारा पुन्हा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनी पुढे होते, एकदा वाचून मग स्वतःहून आठवून लिहिणारे आठवड्याने पुढे होते. आणि पुन्हा वाचणाऱ्यांचा आत्मविश्वासही जास्त होता. सरावाच्या वेळी जे गोड वाटतं ते आणि जे टिकतं ते वेगळं असतं, याचा पुरावा इतक्या ठिकाणी मिळतो की मी आता 'आज छान बसलं' या भावनेवर कुठलाही निर्णय घेत नाही.

वेळेचं म्हणाल तर पाऊण तासाचे मी दोन भाग केले. सकाळी पंधरा मिनिटं फक्त कार्डं, गार हाताने, काही न वाजवता थेट. रात्री अर्धा तास सकाळी चुकलेल्या गोष्टींवर. ब्रिटनच्या टपाल खात्यातल्या लोकांना टायपिंग शिकवताना बॅडली आणि लाँगमन यांनी 1978 मध्ये दाखवलं होतं की रोज एकच तास शिकणाऱ्यांना एकूण तास सगळ्यात कमी लागले, आणि दिवसाला चार तास बसणाऱ्यांना सगळ्यात जास्त. दिवस मात्र एक तासवाल्यांना जास्त लागले, आणि तेच सगळ्यात नाखूश होते! मला ते पटतं. रोज थोडं केलं की काही होतंय असं वाटत नाही. रात्रीचं काम झाल्यावर झोप येते हेही बरंच आहे. वॉकर आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये बोटांच्या हालचालींचा क्रम शिकवून पाहिला, तर एका रात्रीच्या झोपेनंतर, मध्ये काही सराव न करता, वेग सुमारे वीस टक्के वाढलेला होता. तेवढ्याच तासांच्या जागेपणाने तसा फायदा झाला नाही. म्हणून रात्री साडेदहानंतर कुठल्याही तुकड्याशी झटापट करायची नाही, हे मी ठरवून टाकलं आहे.

कोणी घेऊ नये ते सांगते. ज्यांच्याकडे शिक्षक नाही आणि आपली चूक आपल्याला ऐकू येत नाही, त्यांनी आधी रेकॉर्डिंग करून ऐकायची सवय लावावी. चुकलेल्याला 'गुड' दिलं तर अंकी ते इमानेइतबारे मानतं. बोटांत किंवा मनगटात दुखत असेल त्या दिवशी कार्डं साचू द्यावीत. साचलेल्या कार्डांचा आकडा पाहून हात दुखवू नये. मी एकदा तसं केलं आणि डाव्या मनगटामुळे अकरा दिवस गिटार बंद राहिली. आणि स्वतः सुचलेलं वाजवणं, कुणाबरोबर बसून वाजवणं, नुसतं तारांशी खेळणं, यांची कार्डं करू नयेत. मी आठवड्यातली एक रात्र पूर्ण मोकळी ठेवते, त्या दिवशी अंकी उघडतच नाही.

आज सकाळी गठ्ठ्यात अठरा कार्डं होती. सातवं आलं ते बार ९ ते १२, वेग ७८, एकवीस दिवसांनी. खोलीत गारठा होता, बोटं आखडलेली. चार ठोके ऐकले आणि वाजवलं. दहाव्या बारला करंगळी जागेवर पडली. बाराव्यात शेवटचा स्वर थोडा लवकर सुटला, म्हणून 'अगेन' दाबलं. रात्री त्या एका स्वरावर बसायचं आहे.